मागं सरलो तरी तेवढंच

१

फिक्स लेन्सला झूम नसतो. समोरचा माणूस मोठा हवा असेल तर आपण पुढं जायचं, लहान हवा असेल तर मागं यायचं. लेन्स काही करत नाही, पाय करतात. हे मला सौरवभैयाने ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातल्या त्याच्या दुकानात समजावलं, आणि मी लोकरीची टोपी कपाळावर ओढून मान हलवत राहिलो.

टोपी काढली असती तर डोकं दिसलं असतं. मुंडन केलेलं डोकं बघून कुणीही ओळखलं असतं की ह्याच्या घरचं माणूस गेलंय आणि हा इथं कॅमेऱ्याचं सामान निवडतोय. दादाचं तेरावं अजून व्हायचं होतं. सुतकात नवी वस्तू घरात आणायची नसते. मी नववीत शाळा सोडली, पण एवढं मला माहीत होतं. तरी आलो होतो. दादा म्हणायचाच, तुझे पाय आधी निघतात आणि डोकं मागून येतं.

सौरवभैयाने दोन लेन्स काउंटरवर ठेवल्या. दोन्ही छोट्या, काळ्या, चहाच्या कुल्हडाएवढ्या.

"ये पैंतीस, ये पचास. दोनों अंधेरे कमरे में चलेंगी, पीछे का सब धुंधला कर देंगी. शूट कहाँ करना है?"

"घर में. घरवालों के फोटो."

"तो पैंतीस ले, भाई. पचास इस कैमरे पे टाइट आती है. छोटे कमरे में पीछे हटते-हटते तेरी पीठ दीवार से लग जाएगी."

"सस्ती कौन सी है?"

"पचास. इससे सस्ती तो कोई आती ही नहीं." त्याने माझ्याकडे बघितलं. "राघव को कौन सी चाहिए थी?"

मला माहीत नव्हतं. दादा नुसतं म्हणायचा, समर, एकदा एक फिक्स लेन्स घ्यायचीय. लग्नाचे फोटो, शाळेचे ग्रुप, पासपोर्ट, सगळं तो एकाच झूमवर काढायचा आणि रात्री मोबाइलवर त्या लेन्सचे व्हिडिओ बघत झोपायचा. कुठली ते मी कधी विचारलं नाही.

"पचास," मी म्हणालो.

बदल्यात मी दादाची झूम दिली. तिचं रबर दादाच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. सौरवभैयाने ती हातात घेऊन एकदा फिरवली.

"ये भी दे रहा है? सोच ले."

"दे रहा हूँ."

त्याने ती खाली ठेवली, आणि पिशवी देताना हळूच म्हणाला, "टोपी ठीक कर ले. कान के पास से दिख रहा है."

म्हणजे त्याने आल्या आल्याच बघितलं होतं.

२

असं का केलं ते सांगितलं पाहिजे.

दादा मुरारहून एका लग्नाचं काम करून परत येत होता. सकाळचं धुकं होतं, रस्ता ओला होता, स्कूटर घसरली. कॅमेऱ्याला एक ओरखडासुद्धा आला नाही. पडताना दादाने तो पोटाशी धरला होता.

दहाव्याला आम्ही तळ्याच्या घाटावर गेलो. श्रीपाद गुरुजी, मानसिंगकाका, मी, आणि वहिनी. बायका येत नाहीत, पण हर्षितावहिनी हट्टाने आली. पिंड ठेवला. मागं सरून उभे राहिलो. कावळा येईना. आमच्याकडे ग्वाल्हेरात आता कावळे दिसतच नाहीत फारसे, पारवेच सगळीकडे. पण गुरुजी म्हणाले, वाट बघू, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर बोला.

काका पुढं झाले. "राघव, पोरीच्या शिक्षणाची काळजी करू नकोस. मी आहे."

काही नाही.

मग वहिनी पुढं झाली. तिला काका बोलले ते पुरे असं मी सांगणार होतो, पण ती आधीच बोलली. "मी माहेरी जाणार नाही. इथंच राहीन. आईंना बघीन, मिहूला मोठं करीन. या तुम्ही." ती हे दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, समोरच्याला ऐकू येत नसेल तर आपण बोलतो तसं.

आकाश मोकळं होतं. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा वळायला घेतला. मला ते बघवेना. वहिनी अजून वर बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, तुझी ती लेन्स घेतो मी. घरातल्या सगळ्यांचे फोटो काढतो तिने. सगळ्यांचे."

आणि तो आला. आम्ही सगळे वर बघत होतो, पण तो उडत आला नाही. आमच्या मागच्या पायऱ्यांवरून चालत आला, आमच्या मधून, आणि पिंडाला चोच लावून तसाच चालत पाण्याच्या बाजूला उतरला.

"शिवला," काका म्हणाले. "बस. झालं."

टेंपोत वहिनी माझ्या समोर बसली होती. मग हजीऱ्याच्या वळणावर म्हणाली, "मी राहते म्हटलं, तेव्हा नाही आले."

मी बाहेर बघत राहिलो. मुंडन केलेल्या डोक्याला वारा लागत होता. मला वाटलं, त्या लेन्सची हौस दादाला होती खरी, पण त्या क्षणी ती कुणाला होती? दुसऱ्या दिवशी मी पाटणकर बाजारात होतो. घेऊन टाकली तर ते दादाचं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं.

३

आमचं घर हजीऱ्यात, वरच्या मजल्यावर. एका बाजूला आईची छोटी खोली. पुढची खोली मोठी, तिला रस्त्याकडे खिडकी. तिच्यामागं स्वयंपाकघर, मधे बिनदाराची चौकट. कधीकाळी दार होतं, आता नुसत्या बिजागऱ्या आहेत. आईला उजेडात बसवायचं म्हणून तेराव्यानंतर एका सकाळी मी तिला त्या चौकटीसमोर खुर्ची मांडून दिली.

"माझा कसला फोटो काढतोस," आई म्हणाली. "तोंड बघ माझं."

"कबूल केलंय, आई."

"कबूल तू केलंस आणि बसायचं मी." पण तिनं पदर नीट केला.

बटण अर्धं दाबलं की लेन्स घर्र करते, आत-बाहेर सरकते, आणि समोरचा माणूस सापडला की कॅमेरा बारीक टीं वाजवतो. मग पूर्ण दाबायचं. मी पहिला फोटो जवळून काढला. आईचा चेहरा पडदाभर आला. मग मागं सरलो, खिडकीला पाठ लागेपर्यंत, आणि दुसरा काढला. त्यात आई गुडघ्यापर्यंत आली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही बघितले. आईच्या मागं, चौकटीत, काहीतरी राखाडी उभं होतं. उभट, माणसाच्या अंगलटीचं, कडा विरघळलेल्या. ही लेन्स मागचं सगळं धूसर करते, म्हणून मी टॉवेल समजलो. वर मान करून बघितलं, टॉवेल नव्हता. चौकटीतून गॅस दिसत होता आणि त्याच्यावर दुधाचं पातेलं.

मी पहिला फोटो परत बघितला. राखाडी डाग माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. दुसरा बघितला. नखाएवढाच.

आई लहान झाली होती. खुर्ची लहान झाली होती, चौकट लहान झाली होती. मी मागं सरलो म्हणून सगळंच लहान झालं होतं, व्हायलाच पाहिजे होतं. ते तेवढंच होतं.

"काय रे?" आई म्हणाली. "डोळे मिटले का मी?"

"नाही," मी म्हणालो. "छान आलाय."

४

सौरवभैयाने दोन्ही फोटो बघितले आणि हसला.

"धूल है, पागल. अंदर सेंसर पे कुछ बैठा है. तू आगे जा, पीछे जा, वो तो उतना ही दिखेगा ना? वो कमरे में थोड़ी है, कैमरे में है."

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. त्याने लेन्स काढली, रबरी पंपाने आत हवा मारली, ब्रश फिरवला. मग माझाच एक फोटो काढला, दुकानाच्या शटरसमोर. स्वच्छ होता. टोपीतलं माझं तोंड, आणि मागं निळं शटर.

"देख. खतम."

घरी आलो तर काका आले होते. आईजवळ बसून मटार सोलत होते. मी म्हटलं, काका, तुमचा राहिलाय.

"काढ," काका म्हणाले. "पासपोर्टचा काढ. वर अर्ज टाकून ठेवतो, लायनीत तरी नंबर लागेल."

"असलं बोलू नका घरात," आई म्हणाली.

मी काकांना उंच पाठीच्या लाकडी खुर्चीवर बसवलं. जवळून एक काढला, आणि मागं जाऊन एक. काका मधेच खोकले म्हणून आणखी एक. मग खिडकीकडे पाठ करून बघितले.

ते होतं. नखाएवढंच. पण आता चौकटीत नव्हतं, खोलीत होतं, काकांच्या मागं. आणि त्याचा कमरेखालचा भाग दिसत नव्हता, कारण मधे खुर्चीची पाठ येत होती.

मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. मला शाळेतलं काही येत नाही, पण एवढं कळत होतं की कॅमेऱ्यातली धूळ खुर्चीच्या मागं जात नाही. आणि मी मागं सरताना एखादी वस्तू तेवढीच राहायची असेल, तर तिनं माझ्याबरोबर पुढं आलं पाहिजे. मी जेवढा मागं, तेवढी ती पुढं.

"आला का नीट?" काकांनी विचारलं. एक मटार त्यांच्या हातून सुटून फरशीवर घरंगळला, चौकटीपर्यंत गेला आणि थांबला. मी त्या मटाराकडे बघत राहिलो.

"आला, काका."

कुणाला काय सांगणार होतो? सुतकात बाजारात गेलो, दादाची झूम देऊन आलो, हे अजून आईला माहीत नव्हतं. एक सांगितलं की दुसरं सांगावं लागलं असतं.

५

वहिनीला कळलं ते माझ्यामुळे नाही. कॅमेरा कपाटात ठेवलेला, मिहूने ओढून काढला. तिला अडीच वर्षं पुरी झालेली, तिला बटणं दाबायची हौस. वहिनीने तिच्या हातातून तो घेतला आणि पडदा उजळलेला होता तो बघत राहिली.

मी बाहेरून आलो तर ती खाटेवर बसून होती.

"भाऊजी, ह्यांची झूम कुठंय?"

मी सांगितलं.

"त्याच्यावर ह्यांचा हात फिरलेला होता." एवढंच. मग तिनं कॅमेरा माझ्याकडे वळवला. "आणि हे तुम्ही मला दाखवणार नव्हतात?"

"ती धूळ आहे, वहिनी. सौरवभैया म्हणाला."

"धूळ अशी उभी राहते?" ती चिडली नव्हती. गेल्या कित्येक दिवसांत तिचा आवाज असा झाला नव्हता, हलका. "हे आलेत. तुम्ही लेन्स म्हणालात आणि आलेत. मला राग आला होता तुमचा, खोटं नाही बोलत. पण बघा ना, माझ्यासाठी नाही तर लेन्ससाठी, आले तर खरे."

तिचा भाऊ अंबरीश देवासहून येणार होता. आईनेच बोलावलं होतं. घाटावर वहिनी काय बोलली ते बोलली, पण इतक्या कोवळ्या वयात पोरीला इथं कुजवत ठेवणार नाही, असं आईचं म्हणणं. वहिनीने बॅग भरायला घेतली होती. अर्धी भरलेली बॅग खाटेखाली होती, तिच्यात मिहूचे स्वेटर.

"पण एक आहे," वहिनी म्हणाली. तिनं फोटो डोळ्याजवळ धरला. "ह्यांचा डावा खांदा उतरता होता. बॅग लटकवून लटकवून. मी चिडवायचे, तराजू म्हणायचे. इथं सरळ दिसतोय."

"धूसर आहे ना," मी म्हणालो.

"काढा ना माझा एक. आत्ता."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी काढला. तिनं माझ्या हातातून कॅमेरा जवळजवळ ओढून घेतला, आणि बघितल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

"बघा," ती म्हणाली. "बघा, भाऊजी. तराजू."

तिच्या शेजारी ते उभं होतं. डावा खांदा खाली उतरलेला.

वहिनी मिहूला घेऊन स्वयंपाकघरात गेली, तेव्हा मी आधीचे सगळे फोटो परत बघितले. आईचे, काकांचे. मोठे करून करून बघितले. सगळ्यात खांदे एका रेषेत होते, पट्टीने आखल्यासारखे.

तिनं सांगेपर्यंत सरळ होते.

६

दोन दिवस मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. वहिनी मात्र बोलत राहिली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मिहूला जेवू घालताना. दादा कसा शिट्टी वाजवायचा, चहा बशीत ओतून प्यायचा, खोकताना आधी तोंड कसं वळवायचा. ती हे मला सांगत होती, असं आईला वाटायचं. ती चौकटीकडे बघून सांगायची. दादा गेल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर जेवत होती, म्हणून आईपण काही म्हणाली नाही.

मी स्वतःला समजावत होतो. खांदा आधीपासून तसा असेल, धूसर असल्याने कळलं नसेल. तिनं म्हटल्यावर आपल्याला दिसलं, असं होतं माणसाचं. दादा असेल तर काय वाईट आहे? दादाला मी भितो का? लहानपणी त्याच्याच अंगावर पाय टाकून झोपायचो मी.

पण मला खात्री करून घ्यायची होती, आणि थांबता येत नाही मला. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन खोलीभर होतं. वहिनी खाली बसून मेथी निवडत होती, मिहू तिच्या पाठीशी डब्याचं झाकण वाजवत होती. मी कॅमेरा गळ्यात घातला आणि चौकटीकडे तोंड करून, जरा मोठ्यानं म्हणालो,

"वहिनी, दादा विचारात पडला की मानेवर हात ठेवायचा ना. असा. मागून."

मेथीची जुडी तिच्या हातात राहिली. "कधी? मी नाही पाहिलं."

"लहानपणी. आई ओरडली की. मग सुटली सवय."

"मला कधी बोलले नाहीत ते." तिला वाईट वाटलं होतं. दादाचं असं काहीतरी होतं जे तिला ठाऊक नव्हतं आणि मला होतं.

दादाने असं कधी केलं नव्हतं. कधीच. मी ते त्या क्षणी बनवलं होतं.

"हलू नका," मी म्हणालो. "मेथीबरोबर काढतो."

टीं वाजलं. मी दाबलं.

मग पडदा बघितला. वहिनी खाली मान घालून बसलेली, अंगावर ऊन. तिच्यामागं ते. एक हात वर उचललेला, तळवा मानेमागं. कोपर जरा जास्तच उंच गेलेलं, बघून नाही तर ऐकून केल्यासारखं.

मी खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. मिहूने झाकण वाजवायचं थांबवलं होतं.

जो घाटावर चालत आला तो दादा नव्हता. दादा कशालाच आला नव्हता. वहिनीच्या बोलण्याला नाही, काकांच्या नाही, माझ्याही नाही. माझ्या बोलण्यात काय होतं कुणास ठाऊक, ते ऐकून दुसरं कुणीतरी आलं होतं, आणि आम्ही त्याला रोज दादा शिकवत होतो.

७

अंबरीश दुपारच्या जेवणाच्या वेळी पोचला. गाडी खाली लावून वर आला, आईच्या पाया पडला, आणि तिच्या खोलीत तिच्याजवळ बसला. तिथून त्याचा आवाज येत होता, हळू, समजुतीचा. "आई, तिची तुम्ही काळजीच करू नका. आमच्याकडे खोली रिकामीच आहे."

वहिनी माझ्याकडे आली. साडी बदललेली, केस विंचरलेले. बॅग तिनं खाटेखालून बाहेर काढली होती, पण चेन लावली नव्हती.

"द्या कॅमेरा," ती म्हणाली.

मी फोटो पुसणार होतो. सकाळपासून पुसणार होतो. दिला.

तिनं बघितला. बराच वेळ. मग तिच्या डोळ्यातून पाणी येत राहिलं आणि ती हसत होती.

"तुम्ही म्हणालात तसंच. मानेवर हात." तिनं पडद्यावरून बोट फिरवलं. "लहानपणचं आठवलं त्यांना. मला नाही सांगितलं कधी, तुमच्याजवळ होतं ते."

"वहिनी."

"अंबरीशदादा खाली गाडी चालू ठेवून आलाय म्हणा ना. इतकी घाई आहे त्याला." तिनं आवाज खाली आणला. "भाऊजी, मला एकदा सांगा. तुम्ही त्यांचे सख्खे. मी बायको आहे, मला काहीही दिसेल. तुम्ही सांगा. हे तेच आहेत ना? तेच असतील तर मी जाणार नाही. नसतील तर आत्ता ह्या मिनिटाला मिहूला घेऊन उतरते."

सोपं होतं. नाही म्हणायचं होतं. मानेवरचा हात मी बनवला, वहिनी, खोटा आहे, दादाचा नाही, जा. एवढंच. अंबरीशची गाडी खाली उभी होती.

पण मग ती विचारणार, तुम्ही खोटं का बोललात. मग कावळा कुणासाठी शिवला. घाटावर सगळ्यांसमोर ती दोनदा ओरडून राहते म्हणाली होती आणि कुणी आलं नव्हतं, आणि मी एक वस्तू मागितली आणि कुणीतरी आलं. ते मला तिच्या तोंडावर, तिच्या भावासमोर, आईसमोर सांगावं लागणार होतं. आणि मग ती जाणार, आणि ह्या खोलीत आई आणि मी उरणार, आणि ते.

मला लाज वाटली. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. हे मला नंतरही कळलं नाही, की त्या वेळी लाज कशी जास्त वाटू शकते.

"हो," मी म्हणालो. "दादाच आहे."

८

आत थोडी बोलाचाली झाली. अंबरीश म्हणत होता, "हर्षू, वेडी झालीस का, दोन तासांपूर्वी फोनवर काय बोललीस." आई म्हणाली, जाऊ दे, राहू दे तिला थोडे दिवस. वहिनीचा आवाजच आला नाही.

मग ती मिहूला घेऊन बाहेर आली. मिहूला लाल स्वेटर घातला होता, दोन घट्ट वेण्या.

"सगळ्यांचे काढतो म्हणाला होतात," वहिनी म्हणाली. "हिचा राहिलाय."

"नंतर काढू, वहिनी. ऊन गेलंय."

"अंधारातपण चालते ना ही लेन्स? तुम्हीच म्हणालात."

तिनं मिहूला खोलीच्या मधोमध उभं केलं, चौकटीकडे तोंड करून. म्हणजे माझ्याकडे तिची पाठ होती. स्वतः बाजूला झाली, भिंतीपाशी, जागा करून दिल्यासारखी. मी खिडकीला टेकलो होतो. मागं जायला जागा नव्हती. मिहू एवढी जवळ होती की मी वाकून हात लांब केला असता तर तिच्या वेणीला लागला असता.

वहिनी चौकटीकडे बघून बोलायला लागली. लाडात, हळू, नवऱ्याशी बोलतात तसं.

"तुम्ही घरी आलात की बॅग न उतरवताच हिला घ्यायचात, आठवतं? आधी गुडघ्यावर बसायचात. मग दोन्ही हात हिच्या बगलेत घालायचे. आणि एकदम वर, छताला डोकं लागेल असं. मी ओरडायचे."

"वहिनी, नका सांगू," मी म्हणालो. ते माझ्या तोंडातून नीट बाहेर आलं नाही.

"काढा तुम्ही."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. डोळ्याला लावल्यावर त्यात ते कधी दिसत नाही, हे मला माहीत होतं, फोटोतच दिसतं. म्हणूनच लावला असेन. बटण अर्धं दाबलं. लेन्स घर्र करत आत गेली, बाहेर आली, आणि टीं वाजलं. काहीतरी सापडलं होतं तिला. मिहू नव्हे. मिहू पार धूसर होती, लाल ठिपका नुसता. चौकटही धूसर होती. त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लेन्स थांबली होती.

बोट उचलून परत अर्धं दाबलं. घर्र. टीं. मिहू जरा कमी धूसर झाली.

परत दाबलं. स्वेटरची वीण दिसायला लागली.

परत. मिहू स्वच्छ आली. वेणीतला केस न केस, मानेवरची पावडर. जे सापडत होतं ते आता तिच्याएवढ्याच अंतरावर होतं.

मिहूने दोन्ही हात वर केले. आईकडे नाही, माझ्याकडे नाही. दादाने घ्यावं म्हणून करायची तसे, सरळ समोर. मग तिच्या टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या.

"काढताय ना, भाऊजी?" वहिनी भिंतीपासून म्हणाली. ती रडत होती. "काढताय ना?"

मला कॅमेरा खाली करून मिहूला ओढून घेता आलं असतं.

"हो," मी म्हणालो. "काढतोय."